घाटघरच्या भाचीस

पुणे, आषाढ



दादाचा फोन आला होता. लावणी सुरू झाल्यापासून तुझी रात्रीची गोळी मधूनमधून राहते आहे, जुन्नरला रक्त तपासायला जाऊन दोन महिने उलटले आहेत, आणि गुडघे धरले म्हणून तू कुणाकडून तरी कमरेत सुई टोचून घेतलीस, असं तो म्हणाला. मी रागावलेले नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा पाऊस मला माहीत आहे, दिवसभर चिखलात वाकून रोपं लावल्यावर अंगाचं काय होतं तेही माहीत आहे. पण मला काळजी वाटते आहे, आणि तुमच्याकडे फोन धड लागत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. हे पत्र झडपेच्या फाइलीतच ठेव. जावईबापूंना वाचायला दे, सासूबाईंना वाचून दाखव.

लहानपणी तुझा घसा सारखा धरायचा. मग एका वर्षी सांधे सुजले आणि ताप हटेना. तो संधिवाताचा ताप होता. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात शिरतो, शरीर त्याच्याशी लढतं आणि त्या लढाईत स्वतःच्याच हृदयाच्या झडपांना इजा करून बसतं. तुझी डावीकडची मायट्रल झडप अशी वर्षानुवर्षं आवळत गेली आणि शेवटी बदलावी लागली. फाइलीत नव्या झडपेचं नाव लिहिलं आहे : चित्रा. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. अनेक वर्षं खपून, अपयशी ठरलेले नमुने बाजूला सारून त्यांनी ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली. परदेशी झडप परवडली नसती अशा अनेकांसह लाखाहून अधिक लोकांना ती बसवली गेली आहे. रात्री निजानीज झाल्यावर तुला जी टिकटिक ऐकू येते ती तिचीच. तो आवाज कसा आहे ते नीट ओळखून ठेव, पुढे त्याचं काम पडणार आहे.

झडप उत्तम आहे, पण रक्ताला ती परकी. धातू आणि प्लास्टिकला लागून वाहताना रक्त गोठू पाहतं. विळा लागल्यावर जे घडतं तेच तिथे नको असताना घडतं. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या चिकटतात, मग फायब्रिनचे धागे विणले जातात आणि त्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. हे धागे तयार व्हायला जे घटक लागतात त्यांतले चार आपलं यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीने बनवतं. तुझी वॉर्फरिनची गोळी नेमकी ही मदत कमी करते. त्यामुळे घटक कमी बनतात आणि गुठळी सहजी धरत नाही. रक्ताचा दाटपणा तोच राहतो, अंगातलं रक्तही कमी होत नाही. लावणीच्या दिवसांत थकवा येतो तो गोळीमुळे, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढ. थकव्यासाठी हिमोग्लोबिन वेगळं तपासून घे.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाच. रक्तात आधीपासून असलेले घटक काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत टिकतात. म्हणून आज घेतलेल्या गोळीचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, आणि चुकलेल्या गोळीचाही तसाच. गोळी राहिली त्या दुसऱ्या दिवशी तुला काहीच जाणवत नाही, खाचरात नेहमीसारखं काम होतं, आणि वाटतं की काही बिघडलं नाही. रुग्णालयातल्या माझ्या नोकरीत झडपेत गुठळी होऊन आलेले जे रुग्ण मी पाहिले, त्यांतले कितीतरी असेच होते. कुणी लग्नघाईत, कुणी सुगीत, कुणी पैसे संपले म्हणून गोळी सोडलेली. गोळी सोडल्यावरही कितीतरी आठवडे बरे गेले होते.

सासूबाईंना कुणीतरी सांगितलं म्हणे की ही गोळी म्हणजे उंदराचं औषध आहे. ते खोटं नाही, म्हणून त्यामागची सगळी हकिकत त्यांना सांग. शंभर वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडातल्या गुरांना एक रोग झाला. बुरशी लागलेला गोड क्लोव्हरचा चारा खाल्लेल्या गाईची शिंगं कापली की रक्त थांबेना, जनावर मरून जाई. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणारं रक्त भरलेला डबा घेऊन विद्यापीठात गेला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातला पदार्थ शोधून काढला. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून दिलं जाऊ लागलं. उंदराला ते भरमसाट जातं, तुला मोजून मिळतं. सगळा फरक मापाचा आहे. आणि हो, भाताच्या कणगीजवळ उंदरांसाठी ठेवतात त्या वड्याही बहुतेक याच कुळातल्या असतात. त्यांना तू हात लावू नकोस, तुझ्या गोळ्याही पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस.

माप कळतं ते रक्त गोठायला किती उशीर लागतो हे सांगणाऱ्या आयएनआरच्या तपासणीतून. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. मायट्रल जागी धातूची झडप असलेल्यांना साधारण २.५ ते ३.५ लागतो, पण तुझ्या कागदावर डॉक्टरांनी जे लिहिलं असेल तेच तुझं. त्याखाली गेला तर झडपेत गुठळी होण्याचा धोका, ४-५ च्या वर चढत गेला तर आतल्या आत रक्तस्रावाचा. आकडा स्थिर असेल तर महिन्याने तपासणी चालते, बिघडला असेल किंवा औषध बदललं असेल तर आठवड्याने. जुन्नर तीसेक किलोमीटर, पावसात एसटीचा भरवसा नाही, मजुरीचा दिवस बुडतो, हे सगळं मला कळतं. बोटाच्या एका थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं यंत्र असतं. डोंगराकडच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात ते असायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. धातूची झडप सरकारी योजनेतून बसवायची आणि तिला जिवंत ठेवणाऱ्या तपासणीसाठी बाईला दिवसभर एसटीची वाट पाहायला लावायची, हे मला पटत नाही. ग्रामसभेत हे बोला. पण यंत्र येईपर्यंत जुन्नरला जायला हवं. या आठवड्यातच जा.

गोळी रोज रात्री एकाच वेळी. विसरलीस आणि त्याच दिवशी आठवली तर घे. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती गेली असं समज, भरपाई म्हणून दोन घेऊ नकोस, कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मार आणि डॉक्टरांना दाखव. दुकानदार तीच आहे म्हणून दुसरी पट्टी देऊ लागला तर नाव वाचून घे. वॉर्फरिन आणि ॲसिनोकूमारॉल ही दोन वेगळी औषधं आहेत, एकाचे ५ मिलिग्रॅम म्हणजे दुसऱ्याचे ५ नव्हेत. कंपनीही शक्यतो तीच ठेव.

पुण्यातल्या कुणी नव्या गोळ्या सुचवल्याचं दादा म्हणाला, ज्यांच्यासाठी रक्त तपासावं लागत नाही. त्या गोळ्या अनेकांना उपयोगी आहेत, पण तुला नाहीत. धातूच्या झडपेच्या रुग्णांवर डॅबिगाट्रान वापरून पाहिली तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. तो अहवाल २०१३ चा. संधिवाताच्या तापाने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांवर रुग्णांवर, भारतासह २४ देशांत, रिव्हरॉक्साबान तपासली गेली. २०२२ मध्ये निकाल आला : जुन्या वॉर्फरिनच्या गटात मृत्यू कमी होते. तुझ्यासाठी जुनी गोळीच चांगली.

आता खाण्याचं. तुमच्याकडे पहिल्या पावसानंतर रान हिरवं झालं की कुर्डू, टाकळा, भारंगी, आळू, शेवग्याचा पाला रोज ताटात येतो. उन्हाळ्यात मात्र डाळ, सुकट आणि नाचणीची भाकरी. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, म्हणजे ज्या मदतीला गोळी आडवी येते तीच मदत तू ताटातून वाढवून घेतेस. त्यामुळे आषाढ-श्रावणात आकडा उतरतो. जुन्नरला डॉक्टर डोस वाढवतात, मग दसऱ्यानंतर भाजी संपते आणि आकडा चढतो. पालेभाजी सोडायला मी सांगणार नाही, ती सोडून तुझ्या अंगात रक्त कुठून येईल? रोज साधारण सारखीच वाटीभर खा. पावसाळ्यात ताट भरून नको, उन्हाळ्यात अगदीच बंद नको. आणि ऋतू बदलला की आकडा तपास.

पावसाळ्यातल्या आजारांचंही असंच. जुलाब लागले, दोन दिवस जेवण गेलं नाही, तर आकडा चढतो. जुलाबावर जी मेट्रोनिडाझोल देतात ती त्याला आणखी चढवते. नायट्यावर फ्लुकोनॅझोल, लघवीच्या जळजळीवर कोट्रायमॉक्साझोल, यांनीही तसंच होतं. क्षयाची रिफाम्पिसिन उलट खाली ओढते. ही औषधं कधी घ्यावीच लागतात. तेव्हा देणाऱ्याला 'मी वॉर्फरिनवर आहे' हे आधी सांगायचं आणि चार-पाच दिवसांत आयएनआर करायचा. घरचा काढा, हिरड्याचं चूर्ण, कुणाची जडीबुटी, जे काही नव्याने रोज घेशील ते डॉक्टरांच्या कानावर घाल.

दुखण्यावर डायक्लोफिनॅक आणि आयब्युप्रोफेनच्या गोळ्या तुला वर्ज्य आहेत. त्या प्लेटलेटही दुबळ्या करतात आणि पोटाच्या अस्तराला जखमही करतात. तुझ्यासारखीच्या पोटात ती जखम वाहत राहते. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घे, तीही दिवसेंदिवस रोज नको. उग्र वासाचा बाम रोज चोळू नकोस, त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून आत जातं. आणि स्नायूतली सुई, कमरेतली असो की दंडातली, विचारल्याशिवाय घ्यायची नाही. मांसात आत रक्त साचून पाय सुन्न पडलेली माणसं मी पाहिली आहेत. दर तीन आठवड्यांची पेनिसिलीनची सुई वेगळी, ती झडपांच्या रक्षणासाठी आहे, ती बंद करू नकोस. ती आयएनआर बघून, बारीक सुईने, टोचल्यावर बराच वेळ दाबून धरून घ्यायची. दात काढायचा झाला तर गोळी आपल्या मनाने थांबवायची नाही, दातांच्या डॉक्टरांना झडपेचं कार्ड दाखवायचं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहायला बसले ती. गोळी चुकत राहिली तर झडपेवर गुठळी धरते आणि तिची तबकडी पूर्ण उघडेनाशी होते. टिकटिक मंद होते, घुमते किंवा ऐकूच येत नाही. चढ चढताना दम लागतो, मग आडवं पडलं तरी लागतो. असं झालं तर सकाळची एसटी बघायची नाही. त्याच वेळी १०८ ला फोन, आणि फोन लागत नसेल तर मिळेल त्या गाडीने जुन्नर आणि तिथून पुढे, जिथे हृदयाची इकोची तपासणी होते तिथे.

तिथे दोन उपाय असतात : पुन्हा छाती उघडून शस्त्रक्रिया, किंवा गुठळी विरघळवणारं औषध. आपल्या देशात या कामासाठी बऱ्याचदा स्ट्रेप्टोकायनेज वापरतात. त्याची पद्धत वॉर्फरिनपेक्षा अगदी निराळी आहे. वॉर्फरिन नवी गुठळी होऊ देत नाही, पण झालेली विरघळवत नाही. आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं द्रव्य झोपलेलं असतं. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जागं करतं, त्याचं प्लास्मिन होतं, आणि प्लास्मिन फायब्रिनचे धागे तोडत जातं. हे औषध ज्यापासून निघतं तो स्ट्रेप्टोकोकस, म्हणजे तुझी झडप खराब करणाऱ्या जंतूच्याच घराण्यातला. १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांनी त्याची ही शक्ती पाहिली. पण शरीर त्या घराण्याला ओळखून असतं, एकदा औषध दिलं की त्याच्याविरुद्ध द्रव्यं तयार होतात, म्हणून ते पुन्हा पुन्हा देता येत नाही. आधी कधी दिलं असेल तर ते कार्डावर लिहिलेलं असावं लागतं.

झडपेसाठी ते जुन्या पद्धतीने अडीच लाख युनिट अर्ध्या तासात आणि पुढे ताशी एक लाख असं तासन् तास चालवतात. ते जास्त वेगाने दिलं तर फायदा होतो का, हे दिल्लीच्या एम्समध्ये १२० रुग्णांवर तपासलं गेलं, २००९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वेगाने ठळक फरक पडला नाही. दोन्ही गट मिळून दहापैकी साधारण सहा जण पूर्ण बरे झाले. उरलेल्या चौघांचा विचार कर, पोरी. शिवाय हे औषध चांगली गुठळी आणि वाईट गुठळी ओळखत नाही. पोटातला व्रण, कालची जखम, मेंदूतली नाजूक नस, जिथे जिथे गुठळीने भोक बुजवलेलं असेल तिथून रक्त येऊ शकतं. झडपेवरचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. तो सलाइनचा पंप चालू असताना मी कितीतरी रात्री रुग्णाच्या डोळ्यांकडे आणि हातापायांच्या हालचालीकडे बघत उभी राहिले आहे. वेळ आली तर हे औषध घ्यायचंच, नकार द्यायचा नाही. पण ती वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून रोजची एक गोळी आहे.

तोंड वाकडं झालं, हात गळला, बोबडी वळली तरी तसंच धावायचं. डोक्याचं सीटी स्कॅन केल्याशिवाय आत गुठळी आहे की रक्तस्राव हे कुणालाही कळत नाही, म्हणून घरी ॲस्पिरिन द्यायची नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारी सुई साडेचार तासांच्या आत द्यावी लागते, आणि वॉर्फरिन घेणाऱ्याचा आयएनआर १.७ च्या वर असेल तर सहसा देत नाहीत. म्हणून कार्ड सदैव पिशवीत हवं. मामंजींच्या छातीत कधी कळ आली तर त्यांनाही तसंच लगेच न्यायचं, गुठळी विरघळवणारं औषध बारा तासांपर्यंत चालतं पण पहिल्या दोन-तीन तासांत जे वाचतं ते नंतर वाचत नाही. त्यांची ॲस्पिरिन त्यांची, तुझी गोळी तुझी. एकमेकांच्या पट्टीतून द्यायचं नाही.

रक्तस्रावाची लक्षणं सासूबाईंनाही सांगून ठेव : डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, दाबूनही न थांबणारा घोळणा, नेहमीपेक्षा फार जाणारी पाळी, आपोआप उमटणारे काळेनिळे डाग. डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखाना. विळा लागला तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धर, सारखं उघडून बघू नकोस.

एक खास तुमच्या मुलखाचं. भातात, गवतात घोणस आणि फुरसं असतं, आणि त्या दोघांचं विषही रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं. दंश झाला की डॉक्टर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष चढलं असं धरतात. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी आपल्या तालुक्यात सर्पदंशावर मोठं काम केलं आहे, गावात आता दवाखान्याची वाट लोकांना ठाऊक आहे. पण तुझं रक्त गोळीमुळेही गोठायला उशीर लावेल, म्हणून तिथे पहिलं वाक्य गोळीचं बोलायचं. वॉर्फरिनवर उतारा के जीवनसत्त्वाचा, विषावर सर्पविषरोधक लसीचा. एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. आणि दंशावर कुणाला पातं लावू देऊ नकोस. तुझ्या अंगावर केलेला तो काप थांबणार नाही.

शेवटचं, जे तू दादाकडे बोलणार नाहीस. घरात पाळणा हलावा असं सगळ्यांना वाटतं, तुलाही वाटत असेल. वॉर्फरिन नाळेतून बाळापर्यंत पोचतं. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या घडणीला ते बाधू शकतं, डोस जास्त असेल तर अधिक. हेपारिनच्या सुया नाळ ओलांडत नाहीत, पण झडपेला त्यांचं संरक्षण कमी पडतं. कोणत्या महिन्यात काय द्यायचं याचा हिशेब हृदयाच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मिळून, तुझा डोस पाहून करायचा असतो. म्हणून दिवस राहण्याआधीच दोघांनी जाऊन बोला. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जा, पण घाबरून गोळी बंद करू नकोस, त्यात तुझाच जीव जाईल. बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच. नंतर अंगावर पाजायला हरकत नसते. तोवर दिवस टाळायचे असतील तर माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली गोळी नको, तिने गुठळी व्हायचा धोका वाढतो. तांबीने पाळी जास्त जाते. आशाताईंना वॉर्फरिनचं सांग आणि डॉक्टरांना विचारून ठरवा.

दादाबरोबर कॅलेंडर आणि दोन महिन्यांच्या गोळ्या पाठवते आहे, तीच कंपनी, तीच ताकद. आयएनआर होईपर्यंत लिहिलेला डोसच घे, चुकलेल्याची भरपाई नको. जावईबापू खत आणायला जुन्नरला जातील त्याच दिवशी तूही जा, आणि रिपोर्टचा फोटो तिथूनच, रेंजमध्ये असताना मला पाठव.

तुझी,
आत्या